लिफ्टमध्ये नक्की काय झालं

चेतना सरकटे मुलुंडच्या एका क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. काही म्हाताऱ्या बायका तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. ती प्रत्येकीला समजावते की मी डॉक्टर नाही, गोळ्या लिहून देत नाही, माझं काम ऐकायचं आणि बोलायचं. ते ऐकून बायका जरा हिरमुसतात. एवढ्या लांब यायचं आणि गोळीसुद्धा नाही!

तिचे वडील शिवदास मूळचे वाशीमकडचे. पाणीखात्यात नोकरी लागली म्हणून मुंबईला आले आणि निवृत्तीनंतर कांजूरमार्गला पूर्वेकडे घर घेऊन राहिले. वारा फिरला की तिथे कचऱ्याच्या डंपिंगचा वास घरात येतो. मग चेतनाची आई, द्रौपदीबाई, खिडक्या लावते, वास गेला की उघडते, आणि त्यावर घरात कोणी काही बोलत नाही.

एम.ए.ला असताना चेतनाला झोपेवर प्रबंध करायचा होता. कामाच्या पाळ्या बदलणाऱ्या नर्सना झोप कशी लागते, कशी लागत नाही, हे तिला शोधायचं होतं. प्राध्यापक म्हणाले, "अगं, झोपेवर कोणीही करेल. तू वस्तीतल्या बायकांवर कर. तुला ते आतून कळेल." चेतना वस्तीत एक दिवसही राहिली नव्हती. ती पाणीखात्याच्या क्वार्टर्समध्ये वाढली, तिथे खाली बॅडमिंटनचं कोर्ट होतं. पण सरांनी 'आतून' हा शब्द अशा काही आवाजात म्हटला होता की ती पुढे बोललीच नाही. तिने वस्तीतल्या बायकांवर प्रबंध लिहिला आणि तिला पहिला वर्ग मिळाला. झोपेचा विषय राहून गेला तो गेलाच.

क्लिनिकचे मालक डॉ. अनिरुद्ध मानसोपचारतज्ज्ञ आहेत. माणूस वाईट नाही. पगार वेळेवर देतात, दिवाळीला सगळ्यांच्या घरी स्वतः जातात. एक दिवस त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"चेतना, एक ट्रान्स पेशंट आहे. तुलाच देतोय. इथे दुसऱ्या कोणाला जमणार नाही."

"मलाच का, सर?"

"म्हणजे... तुला कळेल ना. तू सगळं पाहिलेलं आहेस." मग त्यांना एकदम मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

काय पाहिलेलं आहे, हे तिने विचारलं नाही. राग आला, पण खरं सांगायचं तर त्या रागात थोडी खुशीही होती. मागच्या वर्षी याच विषयावरच्या कार्यशाळेला ती स्वतःच्या सुट्ट्या टाकून गेली होती. पुस्तकं आणून त्यात खुणा केल्या होत्या. टेबलावर इंद्रधनुष्याचा छोटा बिल्ला ठेवला होता. तिच्या मते ती तयार होती.

यज्ञेश खांबेटे आला तो घामाघूम होऊन. तिशीच्या आतबाहेरचा, नीट राखलेली दाढी, कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट. क्लिनिक चौथ्या मजल्यावर आहे.

"लिफ्ट बंद आहे का?" चेतनाने विचारलं.

"लिफ्ट चालू आहे. मीच बंद आहे," तो म्हणाला.

तो लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होता. बसल्या बसल्या त्याने सरळ सांगायला सुरुवात केली. "नाहूरला एका टॉवरमध्ये काम होतं. आम्ही दोघं लिफ्टच्या टपावर होतो. म्हणजे केबिनच्या वर उभं राहून काम करतात तसे. मध्येच लिफ्ट हलली आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. तेव्हापासून मला लिफ्टमध्ये पाय टाकता येत नाही. छातीत धडधडतं, हात गार पडतात. आणि लिफ्टवाला आहे मी, मॅडम! वाट लागलीय नुसती."

चेतना पुढे झुकली. "तो जो दुसरा होता, त्याला तुमच्याबद्दल माहीत होतं?"

"माझ्याबद्दल काय?"

"म्हणजे, तुम्ही ट्रान्स आहात हे."

यज्ञेशने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "हो. विकीला माहीत आहे. कंपनीत सगळ्यांनाच माहीत आहे. एचआरने मीटिंग घेऊन सांगितलं, वर वडापाव पण दिले."

"आणि विकीचं तुमच्याशी वागणं?"

"चांगलं होतं." तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करायला लागला. "आम्ही डबा एकत्र खायचो."

होतं. खायचो. हे दोन शब्द चेतनाच्या समोरून गेले आणि तिने ते जाऊ दिले. तिचा पुढचा प्रश्न तयार होता, आणि तो त्याच्या आईवडिलांबद्दल होता.

त्यानंतर दर आठवड्याला तो येत राहिला, जिने चढून. दर आठवड्याला चेतना त्याला विचारत राहिली. घरी कसं सांगितलंत, ऑपरेशनच्या वेळी सोबत कोण होतं, नातेवाईक काय म्हणाले, आरशात पाहताना कसं वाटतं. तो सगळ्याची उत्तरं द्यायचा, पण चहाचं बिल चुकतं करावं तशी.

"आईबाबांचं कधीच आटपलं, मॅडम. रडारड, मामांच्या बैठका, सगळं झालं. यज्ञेश नाव आईनेच काढलं. आता बाबा माझ्यासाठी शर्ट आणतात, तेही दर वेळी एक साइज मोठे."

"मोठे शर्ट आणतात त्याचा तुम्हाला काय अर्थ वाटतो?"

"अर्थ? त्यांना वाटतं मी जाड होणार आहे. त्यांच्या घराण्यात सगळे होतात."

चेतनाला बोलताना फार सांभाळावं लागायचं. मराठीत क्रियापदालाही बाई की पुरुष ते सांगावं लागतं, आणि त्याच्या लहानपणाचा विषय निघाला की तिची जीभ अडखळायची. त्याचं तसं नव्हतं. एकदा शाळेचं सांगताना तो सहज म्हणून गेला, "मी तेव्हा पाचवीत होते, आणि..."

"होतो," चेतनाने हळूच दुरुस्त केलं.

तो थांबला. "काय?"

"तुम्ही पाचवीत होतात. होतो."

"मॅडम, होते म्हणा, होतो म्हणा, शाळा तीच होती. आणि मी सांगत होतो ते गणिताच्या बाईंबद्दल होतं." पण मग त्याने गणिताच्या बाईंचं काही सांगितलं नाही.

हळूहळू चेतनाला तो यायचा त्या दिवशी सकाळपासून डोकं जड वाटायला लागलं. हा उघडतच नाही, असं तिला वाटायचं. इतर पेशंट्सपेक्षा ती याच्यासाठी दुप्पट तयारी करत होती, एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नव्हती. भिंतीशी बोलावं तसं सगळं परत येत होतं. परीक्षेला जो धडा पाठ करून गेलो तो पेपरात आलाच नाही, तशी तिची गत झाली होती. एकदा त्याने ऐन वेळी येणं रद्द केलं, तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की ती खाली जाऊन निवांत मिसळ खाऊन आली. खाऊन झाल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटल्याचाही राग त्याच्यावरच निघाला.

त्यात हेवाही होता. हा माणूस स्वतःबद्दल सगळ्या जगाला सांगून मोकळा झाला होता, वडापाव खाऊन. चेतना अजून नव्या ओळखीत नुसतं पहिलं नाव सांगायची. आडनाव विचारलंच तर सांगायची, आणि समोरचा मनात काय जुळवतोय ते बघत बसायची.

शेवटी एका बैठकीत तिने बरेच दिवस मनात जुळवलेली गोष्ट बोलून दाखवली. "यज्ञेश, मला वाटतं बंद जागेत अडकणं हे तुमच्यासाठी नवीन नव्हतं. इतकी वर्षं तुम्ही एका अशा शरीरात..."

"मॅडम." त्याचा आवाज चढला. "मी लिफ्टमध्ये अडकलो होतो. लिफ्टमध्ये! लोखंडाच्या!"

बाहेर रिसेप्शनवरच्या प्रेमाने मान वर करून दाराकडे पाहिलं, एवढं ते जोरात होतं. तो उठला, हेल्मेट उचललं आणि वेळ बाकी असतानाच निघून गेला.

आपल्या केसेस अनुभवी माणसापुढे मांडायच्या, अशी या कामात रीत आहे. चेतना त्यासाठी घाटकोपरला ऋताताईंकडे जाते. ऋताताईंनी तीस-पस्तीस वर्षं हेच काम केलं, आता त्या तरुण थेरपिस्टांचं ऐकतात. त्या शनिवारी त्यांच्या वरच्या फ्लॅटमध्ये तोडफोड चालली होती. ड्रिल सुरू झालं की दोघींनाही तोंड मिटून बसावं लागायचं.

चेतनाने सगळं सांगितलं. त्याचा विरोध, त्याचं टाळणं, तिचे प्रयत्न. ड्रिलमुळे दोनदा पहिल्यापासून सांगावं लागलं.

ऋताताई म्हणाल्या, "बरं. लिफ्टमध्ये नक्की काय झालं होतं?"

"अडकले होते ते."

"ते ऐकलं. किती वेळ? अंधार होता? बाहेर कोणी काढलं?"

चेतना वहीची पानं मागे उलटू लागली.

"आणि तो दुसरा मुलगा? त्याचं काय झालं?"

वर ड्रिल सुरू झालं. ते बराच वेळ चाललं, भिंतीतून दातात उतरत राहिलं. चेतना ऋताताईंकडे बघत बसली. इतक्या आठवड्यांत तिला त्याच्या मामांची नावं कळली होती. तो ज्यासाठी आला होता ते तिला माहीत नव्हतं.

"तुला त्याचा राग येतो का गं?" ऋताताईंनी विचारलं.

"येतो."

"कशाचा?"

"मी एवढं वाचते, एवढं जपून बोलते. त्याला काही पडलेलंच नाहीये."

"म्हणजे तू किती चांगली आहेस हे तो बघत नाही, त्याचा."

चेतनाच्या कानशिलावर रक्त चढलं. "असं नाहीये, ताई."

"असेल, नसेल. माझ्याकडे येतात त्यांतल्या कोणाला अशा पेशंटची दया येते, कोणाला नको तेवढी उत्सुकता असते. एकजण तर समोर बसून रडतो, आणि पेशंट त्याला पाणी देते. राग आला हे तू निदान सांगितलंस तरी."

"तुम्हाला माहितीये सरांनी मला ही केस का दिली?" चेतना एकदम बोलायला लागली. "तुला कळेल, म्हणाले. तू सगळं पाहिलंयस, म्हणाले. काय पाहिलंय मी? कॉलेजातही हेच. मला झोपेवर काम करायचं होतं, तर नाही, तू वस्तीवर कर. माणूस काय म्हणतंय ते ऐकायचंच नाही. आधी ठरवून टाकायचं की ही अमुक आहे, म्हणजे हिच्या पोटात तमुकच..."

ती तिथेच थांबली. वर कोणीतरी हातोडीने फरशी फोडत होतं.

आपणही यज्ञेशशी तेच केलं, हे कळल्यावर मन शांत व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही. घाटकोपरहून परत येताना तिचा राग दुप्पट झाला होता: स्वतःवर, अनिरुद्ध सरांवर, त्या कार्यशाळेवर, आणि अजूनही थोडा यज्ञेशवर. पहिल्याच दिवशी टेबलावर हात आपटून त्याने सांगितलं का नाही?

पुढच्या आठवड्यात तो आला. बसला नाही. "सांगायला आलोय. यापुढे येणार नाही. फोनवर सांगणं बरं दिसत नव्हतं."

"बरं," चेतना म्हणाली. "जायच्या आधी एक विचारू? लिफ्टमध्ये नक्की काय झालं?"

तो हसला, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "आता?"

"आता."

तो उभ्या उभ्याच बोलायला लागला. टपावर चढलं की आधी स्टॉपचं बटण दाबायचं, म्हणजे खालून कोणी लिफ्ट बोलावली तरी ती हलत नाही. बटण विकीच्या बाजूला होतं. यज्ञेश सुपरवायझर, त्याने विचारलं, "दाबलंस ना?" मग दोघं कामाला लागले. लिफ्ट हलली तेव्हा विकीचा हात टपावरच्या पुलीपाशी होता. दोर फिरला आणि त्यात हात गेला. लिफ्ट थांबली ती तशीच, हात आत धरून. हेल्मेटचा दिवा फुटला होता. लोक येईपर्यंत दोघं त्या काळोखात होते. विकी आधी ओरडत होता, मग आईचं नाव घेत होता, मग बडबडायला लागला, डब्यात आज काय आणलंय वगैरे. मग तेही बंद झालं. यज्ञेश त्याचं डोकं मांडीवर धरून बसला होता. हात सोडवता येत नव्हता.

"तीन बोटं गेली त्याची." यज्ञेश खिडकीकडे बघत होता. "चौकशीत मला विचारलं, बटणाचं तू बघितलं होतंस का? मी म्हटलं, मी विकीला विचारलं आणि तो 'हो' म्हणाला. मग चूक विकीची ठरली. आता मी रोज आठवून बघतो, मॅडम. मी विचारलं, ते आठवतं. तो 'हो' म्हणाला, ते काही केल्या ऐकू येत नाही. तो बोललाच नसेल तर? मी हॉस्पिटलमध्ये गेलो नाही. घरी गेलो नाही. त्याचे फोन आले, उचलले नाहीत."

चेतना काही बोलणार, तेवढ्यात त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं. "आता विचारा. विकीला माझ्या ट्रान्स असण्याबद्दल नेमकं काय वाटतं. विचारा ना." आणि तो गेला. जिन्यावरून त्याचे बूट खालपर्यंत वाजत गेले.

थेरपिस्टला पेशंटच्या मागे धावता येत नाही. चेतनाने एकच निरोप पाठवला. "तुमची वेळ राखून ठेवली आहे. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा." उत्तर आलं नाही. त्याच्या वेळेला ती खोलीत एकटी बसून राहायची, समोर रिकामी खुर्ची. प्रेमा म्हणाली, "मॅडम, दुसरं कोणी घालू का या वेळेला?" चेतना म्हणाली, "नको." अनिरुद्ध सर दारातून डोकावून म्हणाले, "ती ट्रान्स केस कशी चाललीय? इंटरेस्टिंग असेल." तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. सर गेले.

घरी ती आईवर उगाच चिडायची. द्रौपदीबाईने एकदा विचारलं, "काय झालंय तुला? डोळे मिटून भाजी गिळतेस."

"काही नाही. ऑफिसचं."

"लोकांचं ऐकायचा पगार मिळतो ना तुला? मग माझंही ऐक. मीठ जास्त झालंय, आणि तुझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही."

तिला खरंच कळलं नव्हतं. आधीच बोचत होतं, त्यात ही भर.

मग एके दिवशी ठरल्या वेळी यज्ञेश दारात उभा राहिला. चार मजले चढून धापा टाकत म्हणाला, "एक अट आहे. तो विषय मी काढला तरच बोलायचा."

"चालेल. आणि माझं चुकलं. पहिल्याच दिवशी तुम्ही विकीचं नाव घेतलं होतंत. मी पुढे निघून गेले."

यज्ञेश खुर्चीत बसला. हेल्मेट मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, सुटलो. तुम्ही ते सगळं विचारत बसलात की मी चिडायचो, पण तोपर्यंत विकीचं सांगावं लागत नव्हतं. माझी पण सोय होत होती."

चेतनाला हे अपेक्षित नव्हतं. म्हणजे दोघांनी मिळून, एकमेकांवर चिडत, ते सगळे आठवडे घालवले होते.

त्यापुढचं काम सुरळीत झालं असं नाही. चेतनाला वाटत होतं, त्याने आधी स्वतःला माफ करावं. त्याला वाटत होतं, माफी-बिफी नंतर, आधी विकीकडे जायचं, आणि जायचं धाडस मात्र होत नव्हतं. "जाईन, या रविवारी," असं तो कितीतरी वेळा म्हणाला. तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटायचं. अटीचाही त्रास व्हायचा. तो काही सांगत असला की जुना प्रश्न तिच्या जिभेवर यायचा आणि तिला तो गिळावा लागायचा. गिळल्यावर पुढे तो काय म्हणाला ते ऐकू यायचं, एवढं मात्र झालं.

अखेर तो गेला. विकी असल्फाच्या डोंगरावरच्या वस्तीत आईबरोबर राहतो. आईने, सुंदराबाईने, दार उघडलं, ओळखलं, आणि एक शब्द न बोलता चहा टाकला. विकी डाव्या हाताने मोबाइल बघत बसला होता. यज्ञेशने त्याला सगळं सांगितलं, चौकशीत काय बोललो तेही.

"मग?" चेतनाने विचारलं.

"विकी म्हणाला, 'मी हो म्हटलं की नाही, मला पण आठवत नाही यार. पण तू आला नाहीस, ते आठवतं.'" यज्ञेशने तोंडावरून हात फिरवला. "मग मी चहा प्यायलो. दुसरं काय करणार? उठताना म्हटलं, परत येऊ का? म्हणाला, बघ तुझं तू."

पुढे तो मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, मी चौकशीत सांगितलं त्याची मला खात्री नाही, आणि बटण तपासायची जबाबदारी माझीच होती. मॅनेजर म्हणाले, "मिटलेलं प्रकरण कशाला उकरतोयस? तुलाही त्रास, मलाही त्रास." पण यज्ञेश मागे हटला नाही. तेव्हा त्याला साइटवरून काढून बोरिवलीच्या ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसवलं. विकीचं प्रकरण पुन्हा उघडायचं म्हणून वर पाठवलं, आणि ते वरच राहिलं. विकी कधी फोन उचलतो, कधी उचलत नाही.

"मी काय मिळवलं यातून?" एकदा यज्ञेशने चिडून विचारलं. "नोकरीची माती झाली. विकीचा हात परत आला नाही. तो नीट बोलतपण नाही."

"माहीत नाही," चेतना म्हणाली. "लिफ्टमध्ये जाऊन बघू या का?"

मग ते क्लिनिकच्या लिफ्टमध्ये सराव करायला लागले. आधी नुसतं दार उघडं ठेवून आत उभं राहायचं, मग एक मजला, मग उतरायचं. एकदा दुसऱ्या मजल्यावर एक माणूस गॅसचा सिलिंडर घेऊन आत घुसला आणि लिफ्ट जराशी दबली. यज्ञेश पांढराफटक पडला आणि तिथेच उतरून जिन्यात बसला. चेतना त्याच्या बाजूला पायरीवर बसली. उन्हाळा संपता संपता तो एकटा चौथ्या मजल्यापर्यंत यायला लागला. टपावर मात्र पुन्हा चढेन असं वाटत नाही, म्हणाला. चेतनाला फार वाटत होतं की त्याने चढावं. तिच्या कामाला शेवट आल्यासारखं झालं असतं. तो म्हणाला, "मला नको असेल तर?" तिने तो हट्ट सोडला, पण तो सोडणं तिला बरेच दिवस खुपत राहिलं.

येणं थांबवताना त्याने आभार वगैरे मानले नाहीत. "नंबर आहे तुमचा. लागलं तर येईन," एवढंच म्हणाला.

काही आठवड्यांनी अनिरुद्ध सरांनी तिच्याकडे अस्मिताला पाठवलं. अस्मिता कॉलेजात शिकणारी, बोरिवलीहून दोन बस बदलून येणारी. मुलगा म्हणून वाढवलेली ती आता मुलगी म्हणून राहत होती. चेतनाने मनाशी ठरवलं होतं, या वेळी आपण काही गृहीत धरायचं नाही. तिने झोप विचारली, जेवण विचारलं, अभ्यास, मैत्रिणी, बसचा प्रवास. अस्मिता तुटक तुटक बोलत होती. दुसऱ्या बैठकीतही तेच. तिसऱ्या बैठकीत बोलता बोलता अस्मिताचा आवाज अडकला, तेव्हा चेतनाने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "कॉलेजच्या परीक्षा कधी आहेत?"

अस्मिताने ग्लास घेतला नाही.

"मॅडम, तुम्हाला माझं हे आवडत नाही का?"

"काय आवडत नाही?"

"मी मुलगी आहे, हे. मी तिकडे वळले की तुम्ही परीक्षेचं विचारता. मी त्यासाठीच येते इथे! घरी कोणी त्यावर बोलू देत नाही. मला वाटलं, इथे तरी कोणी विचारेल."

चेतनाने डोळे मिटून घेतले. तिला एकाच वेळी हसू येत होतं आणि डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं. एका पेशंटला नको तितकं विचारलं, दुसरीला विचारलंच नाही, आणि दोन्ही वेळा ती फार काळजीपूर्वक वागत होती.

"तसं नाही गं," ती म्हणाली. "मी घाबरून तो विषय टाळत होते. तुझं काही चुकलं नाही."

"घाबरून? तुम्ही?"

"हो. सांग मला. पहिल्यापासून सांग."

अस्मिताने तिच्याकडे नीट पाहिलं, हे खरं की वरवरचं ते जोखत. मग ती बोलायला लागली, अडखळत, मग भरभर, आईने कपाट रिकामं करून तिचे कपडे बोहारणीला दिले त्या दिवसापासून. ती नुकती कुठे रंगात आली होती तेवढ्यात प्रेमाने दारावर टकटक केलं. पुढचे आजोबा केव्हाचे येऊन बसले होते आणि कुरकुर करत होते.

"संपली वेळ?" अस्मिता वैतागून म्हणाली. "आत्ताच तर सुरू केलं मी!"

"संपली," चेतना म्हणाली. तीही तितकीच वैतागली होती. "मंगळवारी ये. कपाटापासून पुढे."